झोप की धोक्याची गुंगी?

कर्करोगाच्या तीव्र वेदनेसाठी मॉर्फिनच्या गोळ्या किंवा फेंटानिलची पट्टी देतात. २०१४ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन ही औषधे मिळण्याची वाट काहीशी सुकर झाली, हे उचितच झाले. वेदना सोसण्यात कसलेही पुण्य नाही. मात्र मात्रा अधिक झाल्यास श्वास मंदावतो.

पट्टीतील औषध त्वचेतून साधारण ७२ तास शरीरात जात राहते आणि उष्णतेने ते अधिक वेगाने शोषले जाते. त्यामुळे रुग्णास ताप असताना, तसेच सोलापूरच्या वैशाखात, डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे. पट्टीवर शेकण्याची पिशवी तर कदापि ठेवू नये.

आजोबा हलवूनही जागे होत नाहीत, श्वास मिनिटाला दहाहून कमी, घशात घरघर, ओठ निळसर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, अशा वेळी ‘बरे झाले, झोप लागली’ असे म्हणू नये. १०८ क्रमांकावर कळवावे, पट्टी काढावी, श्वास चालू असल्यास कुशीवर वळवावे.

यावरील उतारा नॅलॉक्सोन. अमेरिकेत त्याचा नाकात मारावयाचा फवारा २०२३ पासून चिठ्ठीविना मिळतो. आपल्याकडे ते मुख्यतः रुग्णालयातील इंजेक्शनच आहे. त्याचा परिणाम ३० ते ९० मिनिटांत ओसरतो, पट्टीचा मात्र रेंगाळतो. म्हणून शुद्ध आली तरी रुग्णालयात न्यावेच. पट्टीची चिठ्ठी देतानाच घरातील एकाला हे सारे शिकवले जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. डॉक्टरांनी सांगितले नाही, तर आपण विचारावे. जवळच्या कोणत्या रुग्णालयात नॅलॉक्सोन असते, हेही.