वेगळं बिऱ्हाड: पूल हवा, टोल नको

माहीमच्या लेडी जमशेदजी रोडवरून आपण कितीदा तरी जातो. ज्यांचं नाव या रस्त्याला आहे, त्या अवाबाईंनी माहीम-वांद्रे जोडणाऱ्या कॉजवेसाठी १,५७,००० रुपये दिले. १८४५ साली तो खुला झाला. त्यांची अट होती, जाणाऱ्या-येणाऱ्यांकडून टोल घ्यायचा नाही.

हे आज आठवायचं कारण म्हणजे घराघरातला एक वाद. आईवडिलांचा माहीममध्ये मोठा फ्लॅट, पैशाला कमी नाही. तरी नोकरी करणारे मुलगा-सून विरारला नाहीतर डोंबिवलीला भाड्याने राहायला निघतात. शेजारीपाजारी म्हणतात, "सोन्यासारखं घर सोडून कशाला?"

कशाला, ते नीट पाहू या. घर फुकट मिळतं, पण त्याचा टोल रोज भरावा लागतो. बाळाचं नाव, त्याची शाळा, सुनेची रात्रपाळी, रविवारचा बेत, सगळं विचारून. गरीब घरात मुलाच्या पगारावर चूल पेटते, म्हणून त्याच्या शब्दाला वजन येतं. सधन घरात त्याच्या पगाराची कुणाला गरजच नसते. चाळिशीला आला तरी तो 'आमचा बाळ्या'च राहतो.

कायदाही ध्यानात घ्या. आईवडिलांनी स्वतः कमावलेल्या घरात राहण्याचा मुलाला कायदेशीर हक्क नाही, ते राहू देतील तोवरच राहायचं, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली सांगितलं. जिथे हक्क नाही तिथे आपलं मत कोण विचारणार, असं तरुणांना वाटलं तर नवल काय?

पण मुलांनाही दोन गोष्टी सांगायला हव्यात. डाउन पेमेंट बाबांचं, हप्ता बाबांचा, फक्त किल्ली आपली, याला स्वातंत्र्य म्हणत नाहीत. मदत घ्यायची तर ती भेट की उसनवार, हे आधीच ठरवा आणि कागदावर लिहा. दुसरं, बिऱ्हाड वेगळं झालं म्हणून जबाबदारी संपत नाही. २००७ च्या कायद्याने म्हाताऱ्या आईवडिलांचा चरितार्थ मुलांवर सोपवला आहे, मग मुलं कुठेही राहोत. आणि कायद्यापलीकडे माया असतेच की!

आईबाबांनो, तुम्हीही द्यायचं तर अवाबाईंसारखं द्या. पूल जरूर बांधा, पण नाक्यावर पावती फाडत बसू नका. वाट मोकळी असली की गेलेली माणसं त्याच वाटेने परत येतात, नातवंडांना घेऊन.

तुम्हाला काय वाटतं? घरी आईबाबांशी बोलून जरूर विचार करा.