आपल्या पायरीचा आंकडा

सन २०२४ च्या आषाढांतील गोष्ट. सिंहगड रस्त्याच्या बाजूस, नदीपासून फार दूर नाहीं अशा एका इमारतीच्या तळमजल्यावर माझी धाकटी बहीण राहते. २४ जुलैच्या रात्रीं निजण्यापूर्वीं तिच्या मुलानें फोनवर आलेली सूचना मोठ्यानें वाचून दाखविली. खडकवासल्यांतून नदींत सोडण्यांत येणारें पाणी वाढवीत आहेत, त्याचें प्रमाण इतके हजार क्युसेक होईल, असा तिचा आशय होता. सर्वांनीं ती ऐकिली आणि दिवे मालविले. पहांटे जाग आली ती पलंगाखालीं पाणी खळखळल्यामुळें. चौऱ्यायशीं वर्षांच्या सासूबाईंना खुर्चींत बसवून शेजाऱ्यांनीं वरच्या मजल्यावर नेलें, म्हणून त्या वांचल्या. धान्याचे डबे, कपाटें आणि नातीचीं पुस्तकें मात्र चिखलांत गेलीं. दुसऱ्या दिवशीं बहीण मला म्हणाली, "दादा, आंकडा कळला होता, पण तो आपल्या घराविषयीं आहे हें कोणास कळलें?"

संस्कृतांत 'ईक्ष्' म्हणजे पाहणें असा एक धातु आहे. निरीक्षण हा शब्द त्याचा आणि उपेक्षा हा शब्दही त्याचाच. वर्गांत हें सांगतांना मला पूर्वीं केवळ व्याकरणाची मौज वाटे. आतां वाटतें कीं उपेक्षा करणारा मनुष्य आंधळा नसतो. तो पाहतो आणि पाहून सोडून देतो. त्या रात्रीं आमच्या घरीं हेंच घडलें.

म्हणून प्रथम त्या आंकड्याचा अर्थ समजून घेऊं. क्युसेक म्हणजे सेकंदास एक घनफूट, सुमारें २८ लिटर पाणी. २५ जुलैच्या सकाळीं खडकवासल्याचा विसर्ग सुमारें ३५ हजार क्युसेकवर गेला होता. याचा हिशेब केला तर दर सेकंदास जवळ जवळ १० लाख लिटर होतात. दहा हजार लिटरचे शंभर टँकर एका सेकंदांत ओतावे तितकें!

हें पाणी इतकें एकाएकीं कां सोडावें लागतें, असें पुष्कळ जण विचारतात. खडकवासल्याच्या वर तीन धरणें आहेत: आंबी नदीवर पानशेत, मोसे नदीवर वरसगांव आणि मुठेवर टेमघर. चारही धरणांचा मिळून साठा २९.१५ टी.एम.सी. आहे, आणि एक टी.एम.सी. म्हणजे १०० कोटी घनफूट. त्यांत खडकवासल्याचा वांटा अवघा १.९७, म्हणजे पंधरावा हिस्सा. तीन रांजण भरून वाहूं लागले कीं त्यांचें पाणी या एका घागरींत येतें. खडकवासला अगदीं रिकामें असतांना ३५ हजार क्युसेक पाणी आंत येऊं लागलें, तरी तें १६ तासांच्या आंत कांठोकांठ भरेल. अर्धें भरलेलें असेल तर आठच तासांत. शिवाय हा पाऊस घाटमाथ्यावर पडतो. पुण्यांत नुसती रिमझिम असली आणि अंगणांत कपडे वाळत असले, म्हणून नदी शांत राहील असें मुळींच नाहीं.

पुण्याला पुराची ओळख नवी नाहीं. १९६१ च्या जुलैंत पानशेतचें काम पुरें झालेलें नव्हतें. बांध खचूं लागला तेव्हां लष्कराच्या जवानांनीं रात्रभर वाळूचीं पोतीं रचून तो धरून ठेवण्याची शर्थ केली. १२ जुलैच्या सकाळीं तो फुटला, त्या लोंढ्यापुढें खडकवासलाही टिकलें नाहीं, आणि नदीकांठच्या पेठा बुडाल्या. माझा जन्म त्यानंतरचा. पण वडील सांगत कीं त्या सकाळीं ते नित्याप्रमाणें शिकवणीस गेले होते; परतले तेव्हां नारायण पेठेंतील आमच्या वाड्याची ओसरी दिसत नव्हती. वर जवान बांधाशीं झगडत होते, याची त्यांना वार्ताही नव्हती.

आज वार्ता येते. जलसंपदा विभाग विसर्गाचे आंकडे प्रसिद्ध करितो आणि ते घरोघर पोंचतात. २५ वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची लाल रेषा नकाशावर आंखतात. परंतु किती क्युसेकला पाणी आपल्या पायरीस लागतें, हें आपणच पाहून ठेविलें पाहिजे.

बहिणीच्या इमारतींत आतां एक वही आहे. तिच्यांत तीन रकाने: दिनांक व वेळ, विसर्ग, आणि पाणी कोठवर आलें. शेवटचा रकाना कुंपणाच्या भिंतीवरील खुणा पाहून नात भरते. पहिल्या पानावर दोन आंकडे लाल शाईनें लिहिले आहेत; एकास गाड्या हलवावयाच्या, दुसऱ्यास वृद्धांना वर न्यावयाचें. घाटांत पाऊस असेल त्या रात्रीं तरुण मंडळी पाळीपाळीनें जागतात. शेजारच्या इमारतीचे आंकडे निराळे असतील, कारण तिची पायरी निराळी.

ओढ्याकांठच्या वाचकांनीं मात्र या वहीवर विसंबूं नये. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं आंबिल ओढ्यानें कात्रजपासून खालपर्यंत जो अनर्थ केला, त्यांत कोणत्याही धरणाचा विसर्ग नव्हता. तो केवळ ढगांतून पडलेला पाऊस होता. तेथें पावसाचा जोर हीच सूचना.

ज्यांचें घर नदीकांठीं आहे, त्यांनीं मृग लागण्यापूर्वीं अशी वही करून पंचांगाशेजारीं टांगावी आणि ती लिहिण्याचें काम घरांतील एखाद्या शाळकरी मुलाकडे सोंपवावें. तें मूल रोज आठवण करून देईल, आणि आंकडा ऐकून दिवा मालविण्याची चूक आपल्या हातून घडणार नाहीं.