पटच नाही, तर काय करणार?

जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुख्याध्यापकांशी गप्पा सुरू झाल्या की थोड्याच वेळात हे वाक्य येतं. त्यामागोमाग बाकीची. पालक लक्ष देत नाहीत. ऐपत असलेल्यांची मुलं इंग्रजी शाळेच्या गाडीत बसून जातात. उरतात ती मजुरांची, त्यातली निम्मी दिवाळीनंतर उसाच्या फडावर. वर्ग पाच, शिक्षक दोन. या आठवड्यात एका केंद्राच्या शिक्षण परिषदेत हीच यादी पुन्हा ऐकायला मिळाली. त्यातलं एकही कारण खोटं नव्हतं. संताप आला तो वेगळ्याच गोष्टीचा. कारण सांगून झालं की माणसं चहाकडे वळत होती. त्याचं पुढे काय करायचं, हे कुणी विचारत नव्हतं.

पट नसलेल्या शाळेचं एक उदाहरण ताजं आहे. खेड तालुक्यातल्या कनेरसरजवळची जालिंदरनगर शाळा 2022 मध्ये बंद पडायच्या बेतात होती. पटावर उरली होती तीन मुलं. शिक्षक दत्तात्रय वारे तिथे गेले ते शिरूर तालुक्यातली वाबळेवाडी शाळा नावारूपाला आणून, आणि मधल्या काळात निलंबन भोगून. हात वर करायला याहून भक्कम कारण कुणाकडे असेल? त्यांनी गावाला सोबत घेतलं आणि शाळा पुन्हा उभी केली. ज्याला जे येतं ते त्याने दुसऱ्याला शिकवायचं, ही ‘विषयमित्र’ पद्धत तिथे रुजली. पट शंभरावर गेला. 2025 मध्ये या शाळेला ‘वर्ल्ड्स बेस्ट स्कूल’ पुरस्कारांमधला लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला.

हे उदाहरण दिलं की लगेच उत्तर येतं, ‘सगळेच वारे गुरुजी नसतात.’ बरोबर आहे, आणि तसं असायची गरजही नाही. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्यासोबत जे शिक्षक उभे राहिले, ते नेहमीच्याच भरतीतून आलेले होते. मुलंही आजूबाजूच्या गावांत असतात तशीच. तरी त्या वर्गांच्या फरशीवर आखलेली अक्षरं, आकडे आणि खेळ बघायला राज्यभरातले शिक्षक गाड्या करून गेले.

मुख्याध्यापकाची अडचण खरी आहे, हे आधी नीट मान्य केलं पाहिजे. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेला स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो तो दीडशेवर मुलं असतील तर. म्हणजे बहुतेक वाडी-वस्तीवर तो ‘चार्ज’ एखाद्या शिक्षकाच्याच गळ्यात असतो. वर्गही त्यालाच, खिचडीचा हिशेबही त्यालाच, युडायसची माहितीही त्यालाच. ‘आज दुपारपर्यंत’ असा मोबाईलवर आलेला निरोप वेगळा. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना इतर अशैक्षणिक कामं देऊ नयेत, असं त्याच कायद्याचं कलम 27 सांगतं. ते मोडलं जात असेल तर लेखी तक्रार करावी, आवक क्रमांक घ्यावा, पंधरा दिवसांनी पुन्हा विचारावं. पण ती तक्रार वरच्या कार्यालयात जायला हवी. होतं असं की ती दारात उभ्या असलेल्या आईला ऐकवली जाते. तिच्या हातात त्यातलं काय असतं?

‘पालक येत नाहीत’ हेही तसंच. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या महिला असाव्यात, असं कायदा म्हणतो. मग बैठक सकाळी अकरा वाजता का ठेवायची? त्या वेळी बाई खुरपणीला गेलेली असते. तिची दिवसाची मजुरी बुडवून ती सह्या करायला येणार नाही. रात्री आठला मारुतीच्या देवळात बैठक घेतली, तिच्या मुलाला तिच्यासमोर पुस्तक वाचायला लावलं, तर ती पुढच्या वेळी शेजारणीलाही घेऊन येईल.

आणि ऊसतोड. या कारणापाशी मात्र थांबायलाच हवं, कारण इथे सबब सांगणं थेट मुलाच्या आयुष्याशी जाऊन भिडतं. बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतून दरवर्षी कोयते निघतात आणि आईबापांबरोबर मुलंही ट्रॅक्टरमध्ये बसतात. पाच-सहा महिन्यांनी परतलेलं तिसरीतलं मूल दुसरीचं वाचनही विसरलेलं असतं. दोन-तीन हंगामांनंतर त्याचा हातच फडात कामाला लागतो, मुलीचं तर लग्न ठरतं. ‘मूल गावात नव्हतं’ ही नोंद हजेरीपत्रकापुरती खरी असते.

यावर उपाय कागदावर तयार आहेत. आजी-आजोबांपाशी मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे आणि ती शाळा व्यवस्थापन समितीमार्फतच चालते. जे मूल सोबत जाणारच, त्याच्यासाठी शिक्षण हमी कार्ड आहे. ते दाखवलं की कारखान्याजवळच्या शाळेने त्याला वर्गात बसवून घ्यायचं असतं. पण यातलं काहीही आपोआप होत नाही. कोणतं घर जाणार, कोणत्या कारखान्याला, मुलाला ठेवायला मागे कुणी आहे का, हे टोळी निघायच्या आधी घरोघर जाऊन विचारावं लागतं. प्रस्ताव वेळेत पाठवावा लागतो. डिसेंबरात ओस वर्ग दाखवून हळहळणाऱ्या मुख्याध्यापकाने सप्टेंबरात वस्तीवर चक्कर मारली होती का, हा प्रश्न केंद्रप्रमुखांनी विचारलाच पाहिजे. आणि प्रस्ताव वेळेत जाऊनही मंजुरी रखडली असेल, तर हाच प्रश्न गटशिक्षणाधिकाऱ्यांनाही विचारला पाहिजे.

मुकादमाची उचल वाटून झाली की घरं निघायची तयारी सुरू होते. ऊसतोडीच्या पट्ट्यातल्या मुख्याध्यापकांना एवढीच विनंती, की दिवाळीची सुट्टी लागण्याआधी जाणाऱ्या प्रत्येक मुलाचं नाव लिहून काढा आणि त्याचं हमी कार्ड त्याच्या आईच्या हातात द्या. पुढच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना तुम्ही स्वतः फोन करा.