ओवरीतला अंधार, अंगणातले ऊन

१/ घरविक्रीच्या जाहिरातीतील खोलीवर एक आक्षेप हमखास घेतला जातो. खोलीचा कोपरा न् कोपरा उजळलेला आणि खिडकीबाहेरचे झाडही स्पष्ट, म्हणजे छायाचित्र खोटे. पूर्वीची छायाचित्रे म्हणे खरी असत. या ‘पूर्वी’चा इतिहास पाहिला, तर आक्षेप टिकत नाही.

२/ १८५१. फ्रान्सच्या ऐतिहासिक वास्तू आयोगाने जुन्या इमारतींची नोंद करण्यासाठी पाच छायाचित्रकार नेमले. त्यांपैकी एदुआर बाल्दुस यांनी आर्ल येथील सँ-ट्रोफीम चर्चची ओवरी टिपली. आत दाट सावली, कमानींपलीकडे अंगणात ऊन. सावलीपुरता वेळ दिला तर अंगण पांढरेफटक, उन्हापुरता दिला तर खांब काळोखात. शिवाय जवळचा खांब आणि दूरचे टोक एकाच वेळी सुस्पष्ट होईना.

३/ बाल्दुस यांनी सुमारे दहा कागदी निगेटिव्हचे भाग जोडून एक चित्र घडवले आणि सांधे कुंचल्याने झाकले. लक्षात घ्यावे, हे कलाप्रदर्शनासाठी रचलेले कल्पनाचित्र नव्हते. सरकारी नोंदीच्या मोहिमेतून आलेले काम होते.

४/ आजची रीत याच कुळातली. तिपाईवरून, चौकट न हलवता, कमी-अधिक एक्स्पोजरची तीन ते पाच छायाचित्रे घेतात. खिडकी सर्वांत गडद चित्रातून, कोपरे उजळ चित्रातून उचलतात. २००७ मध्ये मर्टेन्स, काउट्झ आणि व्हान रीथ यांनी हे मिश्रण संगणकाकडे सोपवण्याची पद्धत मांडली: प्रत्येक बिंदूसाठी ज्या चित्रात तपशील, रंग आणि उजेड चांगला, त्याला अधिक वजन. खोलीत उभ्या माणसाचा डोळाही खिडकीकडे वळताना उजेडाशी जुळवून घेतोच. त्या अर्थी एकाच एक्स्पोजरचे ‘प्रामाणिक’ चित्र अनुभवापासून अधिक दूर असते.

५/ खोटेपणा सुरू होतो तो अन्यत्र. खिडकीबाहेरची भिंत पुसून तिथे समुद्र आणला, तर ते मिश्रण नव्हे, बनवाबनवी होय. आणि सगळ्या सावल्या पुसून टाकणे हाही लबाडीचाच सौम्य प्रकार. उजेड कोणत्या बाजूने येतो हेच मग कळत नाही, कोंदट खोलीही हवेशीर भासते.

६/ अभ्यासकाने भांडायचे तर इथे भांडावे. पुनर्विकासात पाडल्या जाणाऱ्या एखाद्या घराचे शेवटचे छायाचित्र विक्रीच्या जाहिरातीतलेच असू शकते. अंतिम चित्र राहते आणि मूळ पाच फाइली जागा अडवतात म्हणून पुसल्या जातात. त्या जपल्या, तर उद्याच्या संशोधकाला ती खोली दुपारी खरोखर किती अंधारी होती, हे सांगता येईल.