वॉटचा भुलावा

मंडळी, स्टँड मिक्सर घेताना 'हजार वॉटचा आहे' म्हणून भुलू नका! वॉट म्हणजे यंत्र किती वीज ओढतं त्याचा आकडा. घट्ट पीठ किती जोरानं मळेल याचा नव्हे. दुकानदाराला विचारायचं ते वेगळंच. एका वेळी पावाचं पीठ किती मळेल? आतली दातेरी चाकं धातूची की प्लॅस्टिकची? दुरुस्ती आपल्या गावात होते का? दोघांच्या पोळ्यांपुरती कणीक मळायची असेल तर परातच बरी, तेवढ्याला मोठ्या भांड्यातला आकडा नीट पोचतही नाही.

आणि 'हातानं मळण्यातच माया असते' म्हणणाऱ्यांनो, सत्तरी उलटल्यावर बोटांचे सांधे सुजतात हो! आधी आठवडाभर स्वतः पाव मळून बघा, मग 'ही कसली चैन' म्हणा.