नव्या हाताला जुनी गाडी?



मानेवाड्याच्या एका भगिनीचं पत्र गेल्या आठवड्यात आलं. चांगलं चार पानी आहे, पण गोष्ट थोडक्यात अशी. त्यांची थोरली लेक दोन महिन्यांनी अठरा वर्षं पूर्ण करते. कॉलेज वर्धा रोडला, पार गावाबाहेर. मेट्रोतून उतरल्यावर पुढचा मेळ बसत नाही आणि स्कूटरवर ट्रकांच्या गर्दीत पाठवायला आईचं मन धजत नाही. तेव्हा गाडी घ्यायची ठरली. पण घरात दोन मतं पडली. दीर म्हणतात, "माझी बारा वर्षांची गाडी पडूनच आहे, घेऊन जा. पोरगी शिकून राहिली, कुठं घासेल, कुठं ठोकेल. तिच्यापायी चांगली गाडी कायले खराब करता?" यजमानांना ते पटलं आहे. बाईंना मात्र वाटतं, की चार लाखांपर्यंत चार-पाच वर्षांची वापरलेली गाडी घ्यावी. "दिरांना नाही कसं म्हणू, आणि का म्हणू, ते सांगा," असं त्या विचारतात.

ताई, 'का' ते आधी सांगते. कारण तुमच्या दिरांनी दिला तोच सल्ला मी स्वतः एकदा दिलेला आहे.

२०१७ सालची गोष्ट. माझी भाची इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती, हिंगणा रोडला जायची. तिच्यासाठी गाडी बघताना बहिणीनं मला विचारलं आणि मी मोठ्या शहाणपणानं म्हटलं, "शिकाऊ हात आहे, जुनीच घे. चार ठिकाणी घासली तरी जिवाला लागणार नाही." आठ वर्षांची एक छोटी गाडी स्वस्तात मिळाली. रंग छान, आतून स्वच्छ, टायरांची नक्षीही ठळक. आम्ही पेढे वाटले.

जुलैच्या एका संध्याकाळी, पाऊस नुकता सुरू झालेला असताना, वळणावर गाडी घसरली आणि दुभाजकावर आदळली. मुलगी बेफाम नव्हती. पट्टाही लावलेला होता. पण समोर एअरबॅग नव्हती, त्यामुळं तोंड थेट स्टिअरिंगवर आपटलं. जबडा मोडला. सहा आठवडे जबडा तारांनी बांधलेला होता. या पानावर तुम्हाला नाना पाककृती सांगणारी मी रोज सकाळी मुगाचं कढण आणि नाचणीची पेज वस्त्रगाळ करून नेत असे, आणि ती पोर नळीनं ते ओढून घेत असे. एकदाही ती मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

नंतर गॅरेजवाल्यानं टायरवर नख रोवून दाखवलं. म्हणाला, "ताई, तुम्ही नक्षी पाहून राहिले होते. रबर तर पहा, दगड झालं आहे." आपल्या नागपूरच्या उन्हात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीचं रबर किती लवकर वाळतं, ते त्या दिवशी कळलं.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. घरात सगळ्यात कच्चा हात ज्याचा, त्याला सगळ्यात सुरक्षित गाडी द्यावी. पस्तीस वर्षं गाडी चालवणारे सासरे जुन्या गाडीला सांभाळून घेतील. अठरा वर्षांच्या मुलीला गाडीनं सांभाळून घ्यायला हवं.

आता जुन्या-नव्यात इतका फरक खरंच पडतो का? पडतो. २०१४ सालच्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या संस्थेनं भारतात खपणाऱ्या पाच छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगानं अडथळ्यावर आदळवून पाहिल्या. एअरबॅग नसलेल्या त्या पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षिततेसाठी एकही तारा मिळाला नाही. त्यांतलीच फोक्सवॅगन पोलो दोन एअरबॅगांसह पुन्हा तपासली, तेव्हा तिला पाचांपैकी चार तारे मिळाले. ताई, तुमच्या दिरांची गाडी साधारण त्याच सुमाराची आहे. त्यानंतर चित्र पालटत गेलं. २०१८ च्या डिसेंबरात टाटा नेक्सॉनला पाच तारे मिळाले. भारतात तयार झालेल्या गाडीला या चाचणीत असा मान पहिल्यांदाच मिळाला. १ ऑक्टोबर २०२३ पासून तर भारत एनकॅप ही आपलीच चाचणी सुरू झाली. तिची घोषणा केली ती आपल्या नागपूरचे खासदार आणि रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी.

वापरलेली गाडी घेताना मात्र तारखा पाठ ठेवा. तांदूळ निवडताना नवा-जुना विचारतो ना आपण, तसंच हे.

१ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जखडून बसत नाहीत आणि गाडी वळवता येते, ती ही व्यवस्था. १ जुलै २०१९ पासून ड्रायव्हरसमोरची एअरबॅग, पट्टा न लावल्यास वाजणारी घंटी, मागं घेताना इशारा देणारे सेन्सर आणि वेगाची सूचना हे सगळं आलं. ताशी ८० च्या वर गेलं की गाडी टोकते आणि १२० च्या वर एकसारखी कुरकुरते. घरात एक सासूबाई असल्यासारखंच म्हणा ना! २०२२ पासून बनलेल्या गाड्यांत शेजारच्या सीटसमोरही एअरबॅग सक्तीची आहे.

म्हणून माझं सांगणं असं : शक्य तर २०२२ ची किंवा नंतरची गाडी घ्या. अगदीच जमत नसेल तर २०१९ च्या जुलैनंतरची, पण त्याच्या अलीकडं येऊ नका. आर.सी. बुकावर गाडी बनल्याचा महिना आणि वर्ष असतं, ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. नोंदणीची तारीख बरेचदा त्यानंतरची असते. ताऱ्यांच्या बाबतीतही सावध राहा. नाव तेच राहिलं तरी मॉडेल बदलतं आणि तारेही बदलतात. आपण घेतो त्या सालच्या मॉडेलला किती तारे होते, ते मुलांना मोबाईलवर शोधायला सांगा. घसरू लागलेली गाडी आपोआप सावरून धरणारी ई.एस.सी. नावाची व्यवस्था मिळाली, तर ती जरूर घ्या. सनरूफ आणि मोठा पडदा यांवर पैसे घालण्यापेक्षा ते बरं.

आकार मध्यम असावा. अगदी चिमुकली गाडी ट्रकापुढं टिकत नाही आणि फार दांडगी, जोरदार इंजिनची गाडी नव्या हाताला आवरत नाही. वेग दुप्पट झाला की आदळण्याचा जोर चौपट होतो, हे लेकीला एकदा समजावून सांगा.

गाडी बघायला जाताना ओळखीचा मेकॅनिक बरोबर न्याच. पण काही गोष्टी आपल्यालाही कळतात :

१) किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा लाल दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागूनच राहिला तर बिघाड आहे. मुळीच लागला नाही तर अधिक संशय घ्या.

२) टायरवर चार आकडे असतात. ३२२१ म्हणजे २०२१ सालचा ३२ वा आठवडा. नक्षी कितीही ठळक असो, पाच-सहा वर्षं उलटलेले किंवा बाजूनं भेगाळलेले टायर आधी बदला आणि तो खर्च किमतीत धरा.

३) चारही जागांचे पट्टे झटका देऊन ओढा. झटक्याला पट्टा अडकला पाहिजे. मागचे पट्टे सीटखाली कोंबलेले असतील तर बाहेर काढून घ्या.

४) बॉनेटचे बोल्ट, दारांच्या कडा आणि डिकीचा तळ बघा. रंग वेगळा किंवा जोडकाम ओबडधोबड दिसलं, तर गाडी मोठा मार खाऊन आलेली असू शकते.

५) पुढं लोखंडी गार्ड बसवलेला असेल तर काढून टाका. केंद्र सरकारनं २०१७ च्या डिसेंबरातच असे गार्ड बेकायदा असल्याचं राज्यांना कळवलं आहे. त्यांच्यामुळं एअरबॅगच्या कामातही अडथळा येतो. सीटमध्येच एअरबॅग असेल तर वरून जाड कव्हर चढवू नका.

६) जुनी चलानं, बँकेचा बोजा आणि विमा तपासा. मालकी बदलल्यावर १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्या.

गाडी दारात आली म्हणजे काम संपलं, असं मात्र समजू नका. चपात्या शिकवताना पहिल्याच दिवशी आपण मुलीला पाहुण्यांच्या पंगतीचा डबा करायला लावत नाही. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि पक्क्या परवान्याची परीक्षा ३० दिवसांनंतर देता येते. पण तीस दिवस झाले म्हणून घाई कशाला? सगळा वेळ वापरा. परवानाधारक मोठं माणूस शेजारी, पुढंमागं लाल 'एल', आणि सुरुवात सकाळी सहाला सिव्हिल लाइन्सच्या रुंद रस्त्यांवर. ते जमलं की धरमपेठ, मग सीताबर्डीची गर्दी, मग रिंग रोड. पाऊस आणि रात्र या दोन इयत्ता वेगळ्या समजा. त्याही आपण शेजारी बसूनच पार पाडायच्या. समृद्धी महामार्गावर मोटारींना १२० ची मुभा आहे, म्हणून तो पहिलं वर्षभर वर्ज्य.

अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत नव्या मुलांना सुरुवातीला रात्री उशिरा गाडी चालवायला आणि बरोबरीच्या मित्रांना बसवायला कायद्यानंच मर्यादा असते. कारण गाडीत मित्रमंडळ भरलं की नव्या ड्रायव्हरचं लक्ष रस्त्यावर राहत नाही. आपल्याकडं तसा कायदा नाही, तेव्हा तो आईनं करायचा. पहिले सहा महिने मैत्रिणींची भरती नको आणि रात्री नऊनंतर गाडी नको. फोन पर्समध्ये, पर्स मागच्या सीटवर. ताशी ६० च्या वेगात दोन सेकंद फोनकडं पाहिलं, तर गाडी तेहतीस मीटर आंधळी धावते. ओढणीची टोकं आवरून बसायचं, सैल चपला नकोत आणि पाण्याची बाटली पायाशी ठेवायची नाही. ती घरंगळून ब्रेकखाली अडकते.

आणि पट्टा सगळ्यांनी लावायचा, मागं बसलेल्या आजीनंसुद्धा. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले. गाडी महागडी होती, पण मागं बसलेल्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं.

ताई, पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय, की धाकटा सोळा वर्षांचा आहे आणि तोही 'कॉलनीतल्या कॉलनीत' चालवायला मागतो. इथं मात्र आई म्हणून कठोर व्हा. मोटारीसाठी अठरा पूर्ण हवीतच. सोळाव्या वर्षी पालकांच्या संमतीनं परवानगी मिळते ती फक्त ५० सी.सी.पर्यंतच्या, गिअर नसलेल्या दुचाकीची. १ सप्टेंबर २०१९ पासून अल्पवयीन मुलाच्या गुन्ह्यासाठी पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड आहे. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या हातातल्या मोटारीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले. मुलाच्या वडिलांनाही अटक झाली. पण कायद्याचं एक वेळ सोडा. ती दोन घरं पुन्हा पहिल्यासारखी होणार आहेत का?

राहिला प्रश्न दिरांचा. त्यांची माया खोटी नाही, म्हणून नकार गाडीला द्या, त्यांना देऊ नका. म्हणावं, "भाऊजी, गाडी राहू द्या तुमच्याकडंच. पण पोरीला शिकवायला दर रविवारी सकाळी तुम्हीच या. तुमच्याइतका सराईत हात आपल्या घरात दुसऱ्या कुणाचा नाही." बघा, पहिल्याच रविवारी पावणेसहाला दारात हजर होतील. चहा आणि तर्री-पोह्यांची तयारी तेवढी ठेवा.

माझी भाची आता नोकरी करते आणि स्वतःची गाडी चालवते. गेल्या वर्षी ती गाडी घेताना तिनं मलाच बरोबर नेलं होतं. शोरूममधला मुलगा रंग दाखवत होता, आणि आम्ही दोघी टायरवरचे आकडे वाचत होतो.

तुमच्या घरी नव्या ड्रायव्हरसाठी काय नियम केलेत, ते जरूर कळवा. निवडक पत्रं याच पानावर देईन.