आरोग्यचिंतन : वनस्पति, औषध आणि अन्ननलिकेचा कर्करोग

गेल्या महिन्यांत आमच्याकडे एका वाचकभगिनींचें पत्र आलें. त्यांच्या मामंजींस दोन महिन्यांपासून जेवतांना घास छातीशीं अडल्यासारखा वाटतो. आरंभीं भाकरी नकोशी झाली. मग पोळी दुधांत कुसकरून घेऊं लागले. आतां मऊ भातावर येऊन ठेपले आहेत. थोरल्या दिरांचें म्हणणें, शहरांत नेऊन दुर्बिणीनें तपासणी करवावी. सासूबाई म्हणतात, वय झालें, पित्त असेल. इतक्यांत एका स्नेह्यांनीं कर्करोगावर रामबाण म्हणून कसल्याशा सालीचा काढा आणून दिला आहे. "वनस्पतींत कर्करोगावर औषध असतें हें खरें काय? आणि खरें असल्यास तपासणीपूर्वीं महिनाभर तें घेऊन पाहण्यास हरकत कोणती?" असा या भगिनींचा प्रश्न आहे. त्यांस उत्तर आम्हीं त्याच दिवशीं धाडलें. परंतु हा प्रश्न एका घरापुरता नाहीं, म्हणून त्याचा येथें विस्तारानें विचार करूं.

पहिल्या प्रश्नाचें उत्तर होकारार्थी आहे. आपल्या अंगणांतील सदाफुलीच घ्या. मधुमेहावरील घरगुती उपाय म्हणून तिची ख्याति होती. ती पारखीत असतांना कॅनडांतील रॉबर्ट नोबल व चार्ल्स बीअर यांस आढळलें कीं, तिच्या अर्कानें रक्तांतील पांढऱ्या पेशी घटतात. त्यांतून १९५८ च्या सुमारास व्हिन्ब्लास्टिन हें कर्करोगावरील औषध हातीं आलें. मात्र अन्ननलिकेच्या रोगांत आज जें वनस्पतिजन्य औषध मुख्यत्वें वापरलें जातें तें सदाफुलीचें नव्हे, यू नांवाच्या वृक्षाचें आहे. या वृक्षाचें एक भावंड आपल्या हिमालयांत थुनेर या नांवानें ओळखलें जातें.

१९६२ सालीं अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील जंगलांतून यूची साल गोळा करण्यांत आली. उत्तर कॅरोलायनांतील मन्रो वॉल व मनसुख वाणी यांनीं तींतून एक द्रव्य वेगळें काढून १९७१ मध्यें त्याची रचना प्रसिद्ध केली. १९७९ मध्यें सुसान हॉर्विट्झ यांनीं त्याच्या कार्याचें रहस्य उलगडलें. पॅक्लिटॅक्सेल या नांवानें औषध म्हणून त्यास तेथील सरकारची मान्यता मिळाली ती १९९२ मध्यें, आणि तीही प्रथम बीजकोशाच्या कर्करोगासाठीं. म्हणजे सालीपासून औषधापर्यंत तीस वर्षें लागलीं.

हें रहस्य गृहिणींस सहज कळण्याजोगें आहे. पेशी दुभंगण्याच्या वेळीं तिच्या आंत सूक्ष्म नळ्यांचा एक सांगाडा उभारला जातो आणि काम होतांच तो मोडला जातो. लग्नाचा मांडव कार्यापुरता घालावा आणि मग उतरवावा तसें. सदाफुलींतील द्रव्य हा मांडव उभाच राहूं देत नाहीं. यूमधील द्रव्य तो उतरूं देत नाहीं. कोणत्याही प्रकारें कार्य अडतें आणि पेशी मरते. कर्करोगाच्या पेशी सतत दुभंगत असल्यामुळें मारा त्यांच्यावर अधिक होतो. परंतु केसांचीं मुळें आणि रक्त निर्माण करणाऱ्या पेशी यांसही तो सोसावा लागतो. केस गळतात, पांढऱ्या पेशी घटतात, बोटांस बधिरता येते. औषध झाडाचें म्हणून सौम्य, असें येथें मुळींच नाहीं.

त्याचा उपयोग किती, हें मोजून पाहिलेलें आहे. नेदर्लंड्समध्यें एक मोठी चिकित्सा-परीक्षा होऊन तिचे निष्कर्ष २०१२ मध्यें प्रसिद्ध झाले. कांहीं रुग्णांवर केवळ शस्त्रक्रिया केली. इतरांस शस्त्रक्रियेपूर्वीं पांच आठवडे पॅक्लिटॅक्सेल व कार्बोप्लॅटिन हीं औषधें शिरेंतून दिलीं, आणि त्याच काळांत २३ वेळां किरणोपचार केले. केवळ शस्त्रक्रिया झालेल्यांपैकीं निम्मे रुग्ण २४ महिन्यांच्या आंत दगावले. दुसऱ्या गटांत ही मर्यादा ४९ महिन्यांवर गेली. दहा वर्षांनंतर पहिल्या गटांतील शेंकडा २५, तर दुसऱ्यांतील शेंकडा ३८ हयात होते. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशीं ग्रंथिपेशींचा जो कर्करोग होतो, त्यावर जर्मनींत झालेल्या परीक्षेचे निष्कर्ष २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले. तींत डोसिटॅक्सेल या यूच्याच कुळांतील औषधासह चार औषधें शस्त्रक्रियेच्या आधीं व नंतर दिलीं असतां याहूनही चांगला गुण आला. हा रामबाण नव्हे. परंतु घरच्या वडिलांचीं चार वर्षें म्हणजे काय, हें ज्यांनीं अनुभवलें त्यांस आंकडे समजावून सांगावयास नकोत.

आपल्या सह्याद्रीचाही या कथेशीं संबंध आहे. घाटमाथ्यावर नरक्या नांवाचें एक दुर्गंधी झाड आहे. वॉल व वाणी यांनीं १९६६ मध्यें एका चिनी वृक्षांतून कॅम्प्टोथेसिन हें द्रव्य काढलें होतें. तेंच नरक्यांत विपुल असल्याचें १९७२ सालीं मुंबईस गोरेगांव येथील सीबा संशोधन केंद्रांत टी. आर. गोविंदाचारी व एन. विश्वनाथन यांनीं दाखविलें. पुढें मागणी वाढली आणि नरक्याची बेसुमार तोड झाली. परंतु या मूळ द्रव्याचे पहिले प्रयोग रुग्णांवर केले तेव्हां त्यांच्या मूत्राशयास इतका अपाय झाला कीं ते सोडून द्यावे लागले. पुढें जपानांत त्याच्या रचनेंत फेरफार करून इरिनोटेकान तयार झालें, आणि तें आज अन्ननलिकेच्या कांहीं रुग्णांस पहिले उपचार थकल्यावर देतात. झाड तेंच, द्रव्यही मुळांत तेंच. पण झाडांतलें जसेंच्या तसें दिलें तें बाधलें आणि शोधून सुधारलेलें उपयोगी पडलें.

मग सालीचा काढा कां नको? यूच्या सुक्या सालीच्या दहा हजार भागांत पॅक्लिटॅक्सेल अवघें एखाद-दोन भाग असतें. तें पाण्यांत जवळजवळ विरघळत नाहीं. म्हणजे साल कितीही उकळली तरी काढ्यांत तें उतरत नाहीं. पोटांतून घेतल्यास तें रक्तांत नीट पोंचत नाहीं, म्हणून शिरेंतून द्यावें लागतें. उलट त्याच झाडांत हृदयास घातक असें एक विष आहे. हळदीचीही गोष्ट अशीच आहे. आयर्लंडांतील कॉर्क येथील संशोधकांनीं २००९ मध्यें दाखविलें कीं, हळदींतील कर्क्युमिन कांचपात्रांतील अन्ननलिकेच्या कर्कपेशींस मारतें. शोध खरा आहे. परंतु पोटांत गेलेलें कर्क्युमिन रक्तांत अत्यल्प उतरतें, आणि त्यानें हा रोग बरा होतो असें रुग्णांवरील कोणत्याही परीक्षेंत सिद्ध झालेलें नाहीं. स्वयंपाकांत हळद जरूर असावी. ती उपचाराच्या जागीं मात्र नसावी.

आणि वनस्पति तेवढी निरुपद्रवी, हा समज तरी कशाच्या आधारावर? तंबाखू वनस्पतिच आहे, सुपारीही वनस्पतिच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २००४ मध्यें सुपारीस, तंबाखू नसलेल्या विड्यासही, कर्करोगकारक ठरविलें. ६५ अंशांहून अधिक कढत पेयें अन्ननलिकेस बहुधा कर्करोगकारक होत, असें तिनें २०१६ मध्यें सांगितलें. जेवणानंतरचें तबक आणि वाफाळलेला चहा यांविषयीं प्रत्येक घरानें आपला विचार करावा.

आतां दुसरा प्रश्न, महिनाभर थांबण्याचा. आणि आमच्या मतें खरा प्रश्न हाच. अन्ननलिका ही सुमारें वीतभर लांबीची, ताणली जाणारी नळी आहे. ती बरीच अरुंद झाल्यावांचून घास अडत नाहीं. म्हणजे पहिलें लक्षण दिसतें तेव्हांच रोगानें आपल्यापूर्वीं मजल मारलेली असण्याचा संभव असतो. तेथून पुढचा महिना हा आपला नसतो. २०२२ च्या गणनेप्रमाणें जगांत या रोगाचे सुमारें ५ लाख ११ हजार नवे रुग्ण आढळले आणि ४ लाख ४५ हजार मृत्यु झाले. दोन आंकड्यांतलें अंतर इतकें थोडें असण्याचें एक मोठें कारण उशीर हें होय.

आमच्या आत्याबाईंस हाच रोग झाला होता. त्यांची भाकरी सुटली, मग पोळी सुटली, आणि अखेर पेजेवर आल्या. घरांत सर्वांनीं तें पाहिलें. कुणी उपवास म्हटलें, कुणी दांतांचें निमित्त केलें. चार महिने काढा चालला. तो देणारे गृहस्थ सद्भावनेनेंच देत होते, आणि आम्हीही वडीलधाऱ्यांपुढें कशास बोला म्हणून गप्प राहिलों. तपासणी झाली तेव्हां शस्त्रक्रियेची वेळ टळून गेलेली होती. त्या आधीं नेल्यानें निश्चित वांचल्या असत्या असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ती संधि आम्हीं त्यांस दिली नाहीं, हें मात्र खरें.

म्हणून आमचें सांगणें थोडकें आहे. पंधरा दिवस घास अडत असेल, वजन उतरत असेल, तर अन्ननलिकेंत दुर्बीण घालून तपासणी करवावी व संशय वाटल्यास तेथील तुकडा काढून पाहावा. दुर्बिणीच्या तपासणीस बहुधा अर्धा तासही लागत नाहीं. पित्तच निघालें तर आनंदच आहे. आणि रोग अगदीं वरवरचा असला तर कित्येकदां दुर्बिणीवाटेंच तो खरवडून काढतां येतो. काढा घेत असल्यास तो डॉक्टरांपासून लपवूं नये. सेंट जॉन्स वर्ट नांवाची एक युरोपीय वनस्पति मन प्रसन्न राहावें म्हणून लोक घेतात. तिच्यामुळें इरिनोटेकानचा रक्तांतील परिणामकारक अंश शेंकडा ४२ नें घटल्याचें २००२ मध्यें दिसून आलें. काढ्यानें अपाय नसला तरी खऱ्या औषधाचें बळ तो असें हिरावून घेऊं शकतो.

प्रत्येक मुळांत औषध आहे, दुर्मिळ असतो तो योजक, अशा अर्थाचें सुभाषित आपण लहानपणीं शिकलों. यूचा योजक व्हावयास कित्येक शास्त्रज्ञांचीं तीस वर्षें खर्ची पडलीं. तें काम बाटली आणून देणाऱ्या स्नेह्याचें नव्हे.

कुणाच्या पानांतली भाकरी केव्हां सुटली, हें घरांतील वाढणारीस सर्वांआधीं कळतें. तिनें तें बोलावें आणि वडीलधाऱ्यांनीं तें ऐकावें. आमच्या पत्रलेखिका भगिनींचें दुसरें पत्र हा मजकूर लिहीपर्यंत आलेलें नाहीं. मामंजींची तपासणी झाली एवढीच एक ओळ त्यांनीं धाडावी. आम्ही वाट पाहत आहों.